सात नंबरचं झाकण

मागच्या मंगळवारी दुपारी मी पाइप बघायला गेलो. काम काही मोठं नव्हतं. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या माणसाला जड काम देतो कोण? चाकं लावलेला कॅमेरा मॅनहोलमधून खाली सोडतात, तो पाइपातून रांगत पुढे जातो, आणि आपण वर गाडीत बसून पडद्यावर आतलं सगळं बघायचं. शेवटी अहवालावर सही ठोकायची. नाकाला रुमालसुद्धा लावावा लागत नाही.

हा पाइप अर्ध्या शहराचा मैला वाहून नेतो. माणूस वाकून चालू शकेल एवढा रुंद. पूर्वी तो मोकळ्या माळाखालून जायचा. मग कचऱ्याचा डोंगर पसरत पसरत त्याच्या अंगावर आला. त्या भाराखाली पाइप चिरडला असता, म्हणून अकरा वर्षांपूर्वी आम्ही त्याच्यावर काँक्रीटचं कवच घातलं, आतून सांधे भरले आणि डोंगराखाली जाणारी मॅनहोलं एकेक करून कायमची बंद केली. त्या कामावर सुपरवायझर मी होतो.

टोळीत एक गवंडी होता. त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. म्हणीतल्यासारखे याच्या पोटात पाय वगैरे नव्हते, नुसता संथपणा होता. बाकीचे दहा सांधे भरायचे तेव्हा याचे चार व्हायचे. भरलेला सांधा तो शेवटी अंगठ्यानं वरून खाली ओढून गुळगुळीत करायचा. मुकादम करवादायचा, "थापी काय शोभेला दिलीय का रे?" हा म्हणायचा, "थापीला कळत नाही मुकादम, अंगठ्याला कळतं."

टोळीचा एक नियम होता. खाली उतरणाऱ्यानं चपला मॅनहोलच्या तोंडाशी काढून ठेवायच्या आणि गमबूट घालायचे. वर आला की चपला पायात. तोंडाशी एक जरी जोड दिसला, तरी झाकण लावायचं नाही. हजेरीच्या वहीपेक्षा मुकादमाचा त्या चपलांवर जास्त भरवसा होता.

सात नंबर बंद करायचं त्या दिवशी दुपारी डंपरची रांग लागली होती. तोंडाशी एकच जोड होता. एक डंपर मागे येत होता, चाकाखाली सापडतील म्हणून मी त्या चपला उचलल्या आणि पाण्याच्या पिंपामागे ठेवल्या. चांगुलपणाच केला म्हणा ना. तेवढ्यात ऑफिसमधून बोलावणं आलं आणि मी केबिनमध्ये गेलो. मुकादम आला, त्यानं तोंडाशी पाहिलं, चपला नव्हत्या. त्यानं झाकण लावलं, वर काँक्रीटची लादी बसवली. मग डंपर रिकामे होऊ लागले. अलीकडचं आणि पलीकडचं मॅनहोल आधीच बुजलेलं होतं.

पाच वाजता मी हात धुवायला पिंपाकडे गेलो आणि चपला दिसल्या.

सहा वाजता वळवलेलं पाणी पुन्हा पाइपात सोडायचं होतं. माझ्या हातात पुरता एक तास होता. बुलडोझर समोर उभा होता. पण मी काय केलं? मनाशी म्हटलं, गमबूट घालूनच घरी गेला असेल. मग म्हटलं, एव्हाना आतल्या वायूनं… आता काय उपयोग. नोकरी डोळ्यांसमोर आली, धाकटीचं शिक्षण आलं, पोलीस आले. एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं, तो माणूस तेवढा आला नाही.

मुकादम विचारायला आला. "साहेब, गोगलगाय दिसत नाही."

"तो गेला. फाटकातून जाताना मी पाहिलं त्याला."

"मग सोडू पाणी?"

"सोड," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. तिलाही तेच सांगितलं. लोकांनी त्याला तिखटमीठ लावलं, कुठल्या कुठल्या बाईचं नाव त्याच्याशी जोडलं. मी ऐकत राहिलो. बरंच वाटत होतं ऐकायला, हेही सांगून टाकतो.

तर मागचा मंगळवार. कॅमेरा चालवणारी मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. गाडीत पंखा घरघरत होता, बाहेर रखरखीत ऊन होतं. पाइपाला तडे गेले असणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. डोंगर आता तेव्हाच्या चौपट झालाय.

"काका," ती म्हणाली, "इथे डागडुजी कधी झाली?"

"झालीच नाही. उतरायला वाट कुठे आहे?"

"मग हे बघा."

पडद्यावर सांधा दिसत होता. त्यात भरलेला सिमेंटचा माल ताजा होता, ओला, काळपट. वरून खाली अंगठा ओढल्याची खूण होती. पुढचाही सांधा तसाच. त्याच्या पुढचाही. मी मोजायचं सोडून दिलं.

सात नंबरच्या खाली कॅमेऱ्याच्या भिंगावर घाण उडाली आणि चित्र गढूळ झालं. मुलगी कॅमेरा मागे घेणार, एवढ्यात पडद्यावर अंधार आला… वरून खाली सरकला… आणि भिंग लख्ख पुसलं गेलं.

पाइपात कुणी नव्हतं. पाणी शांतपणे वाहत होतं.

"काका… हे काय होतं?"

मी गाडीतून उतरलो आणि थेट त्याच्या घरी गेलो. पत्ता मला पाठ होता. अकरा वर्षं त्या गल्लीला वळसा घालून जात होतो मी.

तिनं मला लगेच ओळखलं. शिवणाचं मशीन थांबवलं, खुर्ची पुढे केली. केस पांढरे झाले होते. मागे मोरीत कुणीतरी पाणी अंगावर घेत होतं; मुलगा असेल, असं वाटलं. मग आठवलं, यांना मूलबाळ नव्हतं.

"वहिनी, मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो. "तो पळून गेला नाही. तो त्या दिवशी खालीच…"

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. "खाली म्हणजे? मग हे येतात ते?"

"कोण येतं?"

"हेच. रोज या वेळेला. मागच्या मागे येतात, कितीतरी वेळ हातपाय धुतात. वास काही जात नाही. मी काय कमी बोलले त्यांना? पळपुटा म्हणाले, कुणाच्या दारात शेण खाल्लंस म्हणाले. इतकी वर्षं मान खाली घालून ऐकून घेतायत. तोंडातून चकार शब्द नाही. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून." तिनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "तुमच्या शब्दावर बोलले हो मी. तुमच्या एका शब्दावर."

मोरीतलं पाणी थांबलं.

"आत आहेत," ती म्हणाली. "मला नका सांगू. त्यांच्या तोंडावर सांगा. दहा पावलं तर आहेत."

मधे एक पडदा होता. त्याच्या खालून ओल्या जमिनीवर दोन पाय दिसत होते, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखे पांढरेफटक. ते पडद्यापाशी येऊन थांबले. मला उठायचं होतं. खरंच सांगतो, त्यासाठीच आलो होतो. पण माझी नजर बाहेरच्या दाराकडे गेली, आणि ते तिलाही दिसलं.

तेवढ्यात पडद्यामागून अगदी हळू आवाज आला, कुणाची काळजी घेताना निघावा तसा.

"जाऊ दे त्यांना."

तिनं दचकून तोंडावर हात ठेवला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच बोलला होता.

आणि मी गेलो.