फ्रानेच्या हातातला झाडू

भर दुपारी बाकर बंदरातल्या खलाशी-शाळेच्या सराव-मैदानात फ्राने श्कोपिनिच चालत चालत आगीत गेला. समोर सरावासाठी मिथेनॉल ओतलेली परात पेटली आहे हे त्याला कळलंच नाही. जीव वाचला, डोळे गेले.

मिथेनॉल उन्हात पेटलं तर ज्योत दिसत नाही, आणि धगही अगदी जवळ गेल्यावर लागते. म्हणून या इंधनाच्या जहाजांवर जाणाऱ्या खलाशांना इथे साधी युक्ती शिकवतात. कोरडा झाडू पुढे धरून चालायचं, तो पेटला की थांबायचं. झाडू तपासून हातात द्यायचा तो जोडीदाराने. फ्रानेचा जोडीदार नेवियो. नव्या जहाजावर जागा एकच होती आणि दोघे परीक्षेत बरोबरीत होते.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी दुन्या बार्बालिच आल्या. म्हातारा प्रशिक्षक बार्तुल अटकेच्या तयारीनेच बसला होता. उकाड्यामुळे पोरांना आगीपासून वाचवणारं तोंडावरचं आवरण काढू दिलं, चूक माझीच, एवढंच तो घोकत होता. दुन्याबाईंनीही ती त्याच्या पदरात घातली.

नेवियोचा जबाब मात्र गुळगुळीत होता.

"झाडूनं पेट घेतला होता?"

"भडकन. मी ओरडलो, पण फ्रानेला घाई नडली."

बाई झाडू बघून आल्या. दांडा मधोमध काळा पडला होता, पुढचा गवताचा झुबका जसाच्या तसा होता. त्यांनी नेवियोला मैदानात नेऊन तोच झाडू त्याच्या हातात दिला.

"परात पेटवलीय. चल पुढे."

नेवियो हलेना. "दुसरा द्या."

"का? खडखडीत वाळलाय."

"वरून वाळला असेल, पण हा पेटत नाही, मॅडम."

"काल तर भडकन पेटला होता."

बाई शांतपणे बोलत राहिल्या.

"पुढचं गवत शाबूत आणि मागचा माणूस जळाला, म्हणजे गवत भिजवलेलं होतं. तपासून दिलास तू. झाडू पेटेना म्हणून त्या बिचाऱ्याला वाट मोकळी वाटली. तुझ्या मनात पाप नसतं, तर तो पेटला अशी थाप कशाला मारली असतीस? आणि परात रिकामी आहे, भित्र्या."

नेवियोने झाडू टाकून दिला.

"सकाळी मी रुग्णालयात होते," बाई म्हणाल्या. "फ्राने म्हणतो, माझी जागा नेवियोला द्या, तो मला वाचवायला ओरडला होता. खरं काय ते त्याला आता तूच सांगायचंस. चल, गाडीत बस."