ओला चिरा

जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो. नखाने ओरखडलं तर ओरखडा उठतो. एक पावसाळा त्याला उघड्यावर ठेवायचं. ऊन, वारा, पाऊस खाऊन तो असा कडक होतो की मग पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे बघायला नको.

*

रत्नागिरी स्टँडवरून आरे-वारेकडे निघालेली दुपारची एसटी सडा, ते उघडं कातळाचं पठार, चढताना कण्हायला लागते. त्या वळणावर डाव्या हाताला काजूची बाग आहे. बागेच्या मधोमध एका चौकोनातली झाडं बाकीच्यांपेक्षा बुटकी राहिली आहेत.

*

खाणीच्या काठावर भाकर घेऊन आलेली बाई हाक मारत नाही. खोल खाणीत हाक भिंतींवर आपटून फुटते, खालच्याला ती कुठून आली ते कळत नाही. बाई हाताला लागेल तो दगड घेते आणि काठावर दोन ठोके देते. खालचा माणूस टिकावाने दोन ठोके देतो. म्हणजे, येतो. मग तो वर येईपर्यंत बाईने जागचं हलायचं नसतं.

*

दगड शिकवणाऱ्या माणसांना एक खोड लागते. भिंत दिसली, पायरी दिसली, की हात जातो. ठक, ठक. भरीव आहे की पोकळ, ते बघायला.

*

सुंदराबाईंना वॉकरशिवाय उभंसुद्धा राहता येत नव्हतं.

*

रेणुका रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. वय पन्नाशीला टेकलेलं. सकाळी आईचं, सुंदराबाईंचं, आवरायचं, मग कॉलेज, मग परत येऊन आईचं आवरायचं. अंथरुणाला पाठ टेकली की लगेच सकाळ व्हायची, मधली रात्र कुणीतरी काढून घेतल्यासारखी. भाड्याच्या फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावरून सुंदराबाई खाली उतरल्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांचं मागणं एकच होतं, आणि तेही त्या मागितल्यासारखं मागत नसत. भाजी निवडताना मधेच म्हणायच्या, “चिऱ्याच्या घरात दोन दिस राहून जाऊ दे गो.”

त्यांच्या नवऱ्याने, दत्तारामने, उभी वाडी बांधून होईल इतका चिरा काढला होता. त्याचं स्वतःचं घर मातीचं होतं.

दत्ताराम गेला तेव्हा रेणुका शाळेतही जात नव्हती. भात कापणीच्या दिवसांत अवेळी पाऊस लागला होता. तो उघडला त्या दुपारी सुंदराबाई सड्यावरच्या खाणीकाठी भाकर घेऊन गेली आणि दोन ठोके दिले. खालून दोन ठोके आले. मग खाणीची एक भिंत बसली. लोक कितीतरी दिवस उपसत होते. टिकाव सापडला, माणूस सापडला नाही. पुढे मालकाने माती टाकून खाण बुजवली आणि वर काजू लावला. सुंदराबाईला काठावरून उठवून आणायला दोन बायका लागल्या होत्या. ती रडत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तो येतो म्हणालाय.

रेणुकाने पुढे हाच विषय घेतला त्याला हे एक कारण असावं. खाली नेमकं काय असतं ते तिला बघून घ्यायचं होतं. बघितलं. वर जांभा, त्याखाली पिवळट पांढरी मऊ माती, त्याखाली काळा कातळ. काळा कातळच लाखो वर्षं पाणी पिऊन सडतो आणि त्याचा जांभा होतो. धुऊन जाण्यासारखं सगळं धुऊन जातं, मागे उरतो तो मुख्यतः लोखंडाचा गंज. म्हणून जांभ्यात प्राण्यांचे, झाडांचे अवशेष मिळत नाहीत. दरवर्षी वर्गात ती एक वाक्य सांगायची आणि मुलं ते उतरून घ्यायची. जांभा कुणाला सांभाळून ठेवत नाही.

डॉक्टरांनी आईच्या हृदयाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, आणि रेणुकाने सड्यावर जागा घेतली. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. चिरा घ्यायला ती हरिहरच्या खाणीवर गेली. हरिहर जुन्या मालकाचा पुतण्या. काजूच्या बागेला लागूनच त्याने नवी खाण काढली होती. आपण कुठे आलोय हे रेणुकाला माहीत होतं. पण दुसरी खाण लांब होती, आणि आईनेही तिथलाच चिरा आण म्हणून सांगितलं होतं.

जेवणाची वेळ होती. कापायच्या मशीन बंद होत्या, कामगार बागेत सावलीला गेले होते. ताज्या कापलेल्या भिंतीवर मशीनच्या पात्याचे गोल गोल ओरखडे होते. रेणुकाने पिशवीतून हातोडी काढून भिंतीला लावली. ठक, ठक.

थोड्या वेळाने आतून आवाज परत आला. मऊ, दबलेला. ठक, ठक.

पलीकडे बुजवलेली खाण आहे, भराव पोकळ बसला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. प्रतिध्वनीला इतका वेळ लागत नाही हे तिला माहीत होतं. पण ऊन भयंकर होतं, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं.

हरिहरने पान थुंकून सांगितलं, की मॅडम, हा चिरा मुरला नाय. एक पावसाळा पडू दे, पुढच्या दिवाळीनंतर बांधकामाला हात घाला.

“पुढच्या दिवाळीला आई असेल?” रेणुकाने विचारलं.

“ते मी काय सांगू? मी चिरेवाला. फक्त मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका म्हंजे झालं.”

ओल्या चिऱ्याचं घर बांधू नये हे रेणुका स्वतःच मुलांना शिकवायची. तिने गाडी भरायला सांगितली.

मार्च सुरू होता होता घर उभं राहिलं. बुद्धवंदना झाली, पाहुण्यांनी खीर खाल्ली, रिक्षातून आणलेल्या सुंदराबाईंना दोघांनी धरून आत नेलं. कुठली खोली हवी ते त्यांनी बोटाने दाखवलं. मागची. तिच्या भिंतीपलीकडे नुसता सडा होता, वाळलेलं गवत आणि काळवंडलेला कातळ. पलंग भिंतीशी लावून घेऊन त्या बसल्या, तळहात चिऱ्यावर ठेवला.

“ओला हाय.”

“सुकेल गं.”

“सुकू दे सावकाश. घाई नाय आता.”

दिवसा आईजवळ बसायला वाडीतली दीपाली यायची. रेणुकाला पहिले काही दिवस इतकी गाढ झोप लागली की तिला स्वतःचीच लाज वाटली. आई जेवत होती. तिच्या गालावर रंग आला होता. वर्गात शिकवताना रेणुकाला मधेच ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

मागच्या भिंतीच्या बुडाशी तांबडी भुकटी पडायला लागली. ओला चिरा सुकतो आहे, दाणे सुटणारच. रेणुका झाडून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुकटी. बाकीच्या तीन भिंतींशी काहीच नाही.

मग दीपालीने एकदा जाता जाता, चपला घालताना सांगितलं, की आजी हल्ली दोन ताटं वाढायला लावतात. एक त्यांचं, एक भिंतीशी. रेणुकाने हसून म्हटलं, वाढ की, म्हातारं माणूस आहे.

“वाढते ना. माझं काय जातं,” दीपाली म्हणाली. “पण ताई, मी हात धुऊन येईस्तोवर ते संपतं.”

आईच दोन्ही खात असेल, असं रेणुका म्हणाली. दीपालीने मान डोलावली आणि चपलेचा पट्टा परत परत नीट करत राहिली. पुढल्या आठवड्यात तिने काम सोडलं. मावशीचं आजारपण सांगितलं. मग फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, भिंतीतून आवाज येतो. दुपारी. आजी वाटीने ठोकतात, मग येतो.

रेणुकाने त्या रविवारी ऐकलं. सुंदराबाईंनी वाटी उचलून चिऱ्यावर दोनदा आपटली. चेहऱ्यावर काही नाही, कुकरची शिट्टी ऐकावी तसा. मग आवाज आला.

ओला दगड उन्हात सुकताना तडकतो. बाहेरची बाजू तापते, आतली थंड राहते, ताण येतो. रेणुकाला हे समजावून सांगता आलं असतं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. तिने गोणपाटं भिजवून मागच्या भिंतीवर बाहेरून सोडली. भर दुपारी हात लावून बघितलं, भिंत गार होती. आत आईने वाटी आपटली. ठोके आले.

तिने भिंतीचा एकेक चिरा नखाने तपासला. सगळे कडक झाले होते, बसल्यावर आईच्या कानाशी येणारा एक सोडून. त्यात अंगठा रुतला. हवेला उघडा असलेला चिरा मऊ राहतो, असं तिने कुठे वाचलं नव्हतं. सकाळी बघितलं तर अंगठ्याची खूण नव्हती. खळगा आतून भरून आला होता, सपाट.

आईला तपासणीला न्यायचं होतं. रेणुकाने कॉलेजातून रजा काढली, पण दवाखान्यात आईबरोबर चुलतभावाला, प्रज्ञेशला पाठवलं. त्याची स्वतःची रिक्षा होती. ती एकटी घरात थांबली. दुपार झाली. जेवणवेळ टळून गेली. भिंत गप्प होती. सड्यावरून टिटवी ओरडत गेली, बास. म्हणजे हे सगळं आईच करते. बोटांनी, पलंगाच्या पायाने, कशानेही. रेणुकाला इतकं हलकं वाटलं की ती आईच्या पलंगावर टेकली, आणि थकलेला हात सवयीने, विचार न करता, भिंतीवर गेला. ठक, ठक.

आतून उत्तर आलं. खाणीत आलं होतं त्याच्यापेक्षा खूप जवळून.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं, आपण रविवारी फ्लॅटवर परत जायचं. घर सुकलं नाही, दमट हवा तुला बाधेल. सुंदराबाईंनी लहानपणी घालायच्या तसे रेणुकाचे केस कानामागे घातले.

“तू लय दमलीस गो,” त्या म्हणाल्या. “तू जा हवं तर. मला नाय हलता येत. मी ठोके दिलेत, तो येतो म्हणालाय.”

“आई, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली.”

“खोल होता तो. वेळ लागतोच.”

शनिवारी परीक्षेची ड्युटी होती, ती चुकवता येण्यासारखी नव्हती. प्रज्ञेश मुंबईला गेला होता. रेणुकाने आईला जेवण वाढून ठेवलं, तिच्या हट्टाखातर दोन ताटांत. पाण्याचा तांब्या, फोन, घंटी हाताशी ठेवली. मागचं दार आतून कडी घालून बंद केलं. पुढच्या जाळीला बाहेरून कुलूप लावलं. वर्गातून तिने फोन केला, आईने उचलला. जेवतेय, म्हणाली. मागे कुणीतरी चावत असल्याचा आवाज येत होता. रेणुकाने पेपर गोळा करून दुसऱ्या बाईंच्या हातात दिले आणि रिक्षा केली.

कुलूप होतं तसं होतं. मागची कडी होती तशी होती.

वॉकर पलंगाशी उभा होता. तांब्या पालथा घातलेला. फोन उशीवर. एका ताटात अर्धी भाकर. दुसरं ताट रिकामं, आणि त्याच्या तळाशी बोटांनी पुसून घेतल्याच्या रेघा. तांबड्या.

पलंगाखाली बघितलं. न्हाणीत बघितलं. कौलांकडेसुद्धा बघितलं.

भिंत सुकली होती. तो एक चिराही. त्यावर नख घसरलं.

“आई,” रेणुका म्हणाली.

हाक खोलीत फुटली आणि विरली.

तिने वाटी उचलली. खूप वेळ ती नुसती धरून राहिली. बाहेर जाऊन माणसं बोलवायची, हरिहरला गाठायचं, भिंत फोडायची, हे सगळं तिला सुचत होतं, एकामागून एक, नीट. मग तिने चिऱ्यावर दोन ठोके दिले.

आतून दोन ठोके आले.

आणि त्यांच्या पाठोपाठ, जरा हलक्या हाताचे, आणखी दोन.

उत्तर आल्यावर जागचं हलायचं नसतं. रेणुका पलंगाच्या कडेला बसली. पाय भरून आले होते, आणि बसायला मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं. ऊन खिडकीतून खाली उतरलं, मग गेलं. ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

घर बांधायला घेतलं तेव्हा खर्च वाचावा म्हणून मागची भिंत एकाच चिऱ्याची धरली होती. तिची जाडी नऊ इंच होती.