रोल नंबर चौसष्ट

"लग्नाचा कॅमेरा तुमच्याकडेच मिळतो ना?"

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक बाई उभ्या होत्या. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात खडूचा डबा. छत्रीचं पाणी माझ्या वायरींकडे चाललं होतं.

"मिळतो," मी म्हणालो. "आधी छत्री बाहेर ठेवा. लग्न कुणाचं?"

"भौतिकशास्त्राचं," त्या म्हणाल्या. "एफ. वाय. बी. एस्सी.च्या त्रेसष्ट मुलांशी."

ही आसिया. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

२००५ सालचा जुलै संपत आला होता. पावसानं कॉलेजमागची दरड खाली आली, भिंतीला तडे गेले आणि इंजिनियर लोकांनी इमारतीला कुलूप घातलं. निदान महिनाभर कॉलेज बंद. माझं रत्नागिरीच्या राजिवड्यात, जाळ्यांच्या दुकानाच्या वर, केबलचं ऑफिस होतं. आमच्या लोकल चॅनलवर जुने पिक्चर दाखवायचो आणि खाली पट्टी फिरायची. कुणाचं लग्न, कुणाचं निधन, कुणाची म्हैस हरवली. प्राचार्यांनी ठरवलं की सोमवारपासून तास या चॅनलवर घ्यायचे. मुलांनी घरी, नाहीतर शेजारी बसून बघायचे.

वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं माझ्या त्या छोट्या खोलीत येऊन नव्या नवरीसारखी बसायला लागली. रसायनाचे सुजय सर मान खाली घालून अख्खं पुस्तक वाचून गेले. मी त्यांना म्हटलं, "सर, कॅमेऱ्याची ही काच म्हणजे मागच्या बाकावरचा टवाळ पोरगा समजा." सरांनी काचेला असं झापलं, की पुढे त्यांना काही सांगावंच लागलं नाही. मराठीच्या मॅडम बोलता बोलता चित्राबाहेर जायच्या. त्यांच्यासाठी मी फरशीवर खडूनं चौकोन आखला.

आसियाचं मात्र काही जमेना. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, "नमस्कार" म्हणाली आणि गप्प झाली. दहा सेकंद... वीस सेकंद... शेवटी मी 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी लावली.

"काय झालं, मॅडम?"

"फारुकभाई, समोर कुणीच नाही हो. चेहरा दिसल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. कळलं की नाही, ते मला चेहऱ्यावर दिसतं." तिनं खडू डब्यात टाकला. "मी तासिका तत्त्वावर आहे. हे जमलं नाही तर माझे तास दुसऱ्याला देतील. पुढच्या वर्षी मग मी कॉलेजात नसेन."

मी माझं स्टूल उचललं आणि कॅमेऱ्याला चिकटून ठेवलं.

"माझा चेहरा चालेल?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "शिकलात किती?"

"दहावी. मग वायरमनचा कोर्स. मग पाच वर्षं कुवेत."

"म्हणजे भौतिकशास्त्र काहीच येत नाही?"

"काहीच नाही."

"उत्तम," ती म्हणाली. "पण वर्गात बसायचं तर रोल नंबर हवा. तुम्ही चौसष्ट."

कॉलेजचा मस्टर बंद इमारतीत अडकला होता. तिनं साधी वही आखली होती. कोणत्या मुलानं तास बघितला, ते मुलं फोन करून कळवायची आणि ती वहीत लिहायची. त्रेसष्टच्या खाली तिनं एक ओळ वाढवली. नाव लिहिलं नाही, फक्त आकडा. त्या दिवसापासून तिनं मला कधी 'भाई' म्हटलं नाही. हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

ती शिकवायला लागली आणि मी बघत राहिलो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. एक दिवस म्हणाली, झाडावरचा आंबा पडतो तसा चंद्रसुद्धा सारखा पडतोच आहे. फक्त तो इतक्या वेगानं पुढं जातोय, की पृथ्वीवर आदळायचं चुकतं. त्या दुपारी जेवताना घास माझ्या हातातच राहिला. अम्मीनं विचारलं, "मासा शिळा आहे का रे?" मी म्हटलं, "चंद्र पडतोय." अम्मीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मला एखादी गोष्ट कळली नाही, की माझ्या कपाळावर आठी पडायची. आठी दिसली की आसिया थांबायची, फळा पुसायची आणि दुसऱ्या तऱ्हेनं सांगायची. अख्खी रत्नागिरी माझ्या डोक्याच्या वेगानं भौतिकशास्त्र शिकत होती.

मग मिरकरवाड्याहून येसूबाईचा फोन आला. ती मासे विकायची आणि बाजार उरकून टीव्हीपुढं बसायची.

"मेल्या फारुक, तू कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला बसतोस?"

"उजव्या. का गो?"

"तरीच. ती बाय शिकवता शिकवता त्या बाजूला बघून हसते. आमाला सगळ्यांना दिसतंय हां."

मी फोन ठेवला. आसियानं विचारलं, "कोण होतं?"

"प्रेक्षक."

"काय म्हणत होते?"

"चित्र स्वच्छ दिसतंय म्हणाले."

पुढं माझ्या हातून चूक झाली. प्राचार्यांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडमना निरोप द्या. तीन आठवड्यांत एकच प्रकरण झालंय. शनिवारपर्यंत गुरुत्वाकर्षण संपलं नाही, तर पुढचा भाग दुसऱ्या सरांकडे देऊ."

तो निरोप मी तिला दिला नाही. स्वतःची अक्कल लढवली. ती माझ्या चेहऱ्यामुळे थांबते ना? मग चेहरा बदलायचा.

गुरुवारी तिनं भरती शिकवायला घेतली. चंद्र पाण्याला ओढतो, पाणी फुगतं, भरती येते. मी जोरात मान डोलावली. ती पुढं गेली. मी परत डोलावली. तिनं फळ्याकडे वळता वळता मागं बघितलं आणि खडू खाली ठेवला.

"रोल नंबर चौसष्ट, उभे राहा."

मी उभा राहिलो. चॅनल चालूच होतं.

"चंद्र एक आहे. मग आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती का येते?"

मी जन्मापासून समुद्राकाठी राहिलो. माझे आजोबा मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. दोन भरत्या येतात हे मला चालायच्या आधीपासून माहीत. पण का, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग मान का डोलावलीत?"

तिनं तास तिथंच संपवला. मी पाटी लावली आणि प्राचार्यांचा निरोप सांगितला. 

"नोकरी माझी आहे, ती मी बघेन," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तुमचं काम एकच होतं. न कळलेलं चेहऱ्यावर तसंच ठेवायचं. त्या एका चेहऱ्यावर विसंबून मी शिकवत होते."

तिनं वही काढली आणि चौसष्टच्या ओळीत लाल पेननं गैरहजेरी मांडली. मी समोर उभा असताना.

"उद्या नारळी पौर्णिमा," मी म्हटलं. "सुट्टी आहे."

"तास आहे. दुसरी भरती बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर कपाळाला आठी घालूनच बसलो. खरीच होती. तिनं फळा कोराच ठेवला.

"तीन माणसं एका रांगेत बाजाराला निघाली," ती म्हणाली. "पुढचा भरभर चालतो, मधला बेतानं, शेवटचा सावकाश. थोड्या वेळानं काय दिसेल?"

"पुढचा लांब गेलेला," मी म्हणालो. "शेवटचा मागं राहिलेला."

"म्हणजे मधल्यापासून?"

"दोघंही लांब. एक पुढं... एक मागं."

"पुढचा म्हणजे चंद्राकडचं पाणी. त्याला चंद्र जास्त ओढतो. मधली पृथ्वी, तिला थोडं कमी. आणि पलीकडचं पाणी, त्याला सगळ्यात कमी. ते मागं राहतं. जे पुढं गेलं त्याची एक भरती, आणि—"

"मागं राहिलं त्याची दुसरी," मी म्हणालो.

माझी आठी गेली. ती हसली. उजव्या बाजूला बघून.

तास संपला आणि फोन थांबेनात. शेवटचा प्राचार्यांचा. त्यांचा विषय इतिहास. ते म्हणाले, "मॅडम, अभ्यासक्रम राहिला तर जादा तास घेऊ. तुमचे तास तुमच्याकडेच राहतील. साठाव्या वर्षी मला कळलं, समुद्र दोनदा का येतो ते."

माझ्या खिडकीतून भाट्याची खाडी दिसायची. बारा वाजत आले होते. उधाणाचं पाणी खारफुटी बुडवून पुलाकडे चढत होतं. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो.

"आत्ता चंद्र कुठं आहे?" मी विचारलं.

तिनं बोटानं फरशी दाखवली. "पायाखाली. पृथ्वीच्या पलीकडं."

"म्हणजे हे पाणी..."

"मागं राहिलेलं."

 एवढं पाणी, आणि त्याला ओढणारा इथं नाहीच. मी कितीतरी वेळ बघत राहिलो. मान वळवली तर ती पाणी बघतच नव्हती. माझा चेहरा बघत होती.

महिनाअखेरीला कॉलेज उघडलं. ती खडूचा डबा न्यायला आली आणि वही माझ्यापुढं ठेवली.

"चौसष्टचं नाव लिहायचं राहिलंय."

मी लिहिलं, फारुक.

"पूर्ण लिहा. वडिलांचं नाव, आडनाव, गाव."

"एवढं कशाला? परीक्षेला बसवताय?"

"माझ्या अम्मीला दाखवायचंय," ती म्हणाली. आणि छत्री न घेताच जिना उतरून गेली... मी ती छत्री घेऊन मागं धावलो, तो थेट तिच्या दारापर्यंत.

इतक्या वर्षांच्या संसारानंतर आसिया वारली, त्याला आता सहा महिने झाले. लोक विचारतात, त्या तासांच्या कॅसेट असतील ना? नाहीत. सगळं थेट जायचं. वही तेवढी आहे. त्यात माझी एक गैरहजेरी आहे, तांबड्या शाईत.

यंदा नारळी पौर्णिमेला दुपारी मी भाट्याच्या पुलावर उभा होतो. खाली पाणी चढत होतं. येसूबाई नारळ घेऊन चालली होती. आता तिला काठी लागते. माझ्याजवळ येऊन टेकली.

"एकटाच?"

"भरती बघतोय."

"ही मागं राहिलेल्या पाण्याची ना रे? तुझ्या बायनं सांगितलेली?"

"तीच."

तिनं कठड्यावरून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पुढं गेलेल्या पाण्याइतकीच उंच येते हां ही पण," ती म्हणाली. "काय?"

मी मान डोलावली. या वेळी खरी.