आधी पोहोचलेला

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस घरातून निघाला, तेव्हा खांद्याला एक छोटी बॅग होती. ताईचा फोन आला होता. आई आता फार काळ काढणार नाही, लगेच ये. लगेच म्हणजे कधी, हे दोघांनाही ठाऊक होतं. मधे अर्धी पृथ्वी होती. थेट विमान नव्हतंच. मधल्या विमानतळावरचं ताटकळणं धरून अख्खा दिवस मोडणार होता.

विमानात समोरच्या पडद्यावरच्या नकाशात निळाशार समुद्र आणि त्यावर इवलंसं विमान. त्याचा डोळा लागायचा, तो दचकून जागा व्हायचा, तर विमान जागचं हललेलं नसायचं. शेजारची खुर्ची रिकामी. बोलावं तरी कुणाशी? ‘थांब गं, आलोच,’ असं तो मनातल्या मनात आईला विनवत राहिला.

भर दुपारी तो आईच्या दारात उभा राहिला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ताईने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते, पण त्याला पाहून ती रडली नाही की गळ्यात पडली नाही.

“न सांगता कुठे गेला होतास?”

“अगं, मी आत्ता येतोय... आई कशी आहे?”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तुटक तुटक सांगू लागली. तिने काल फोन ठेवला आणि हातातली भाजी चिरून व्हायच्या आत तो दारात हजर. तिला रागच आला, इथेच होता तर कळवलं का नाही म्हणून. पण आईचा चेहरा असा उजळला की ती गप्प बसली. त्याने आईचे केस विंचरले, चमच्याने पाणी पाजलं, लहानपणच्या खोड्या सांगून तिला हसवलं. सकाळी आई गेली. तिला नेलं, तेव्हा सगळ्यांच्या पुढे तोच चालत होता.

“तुझाच हात धरून गेली रे...” ताई म्हणाली.

तो आईच्या खोलीत गेला. उशीवर डोक्याचा खळगा तसाच होता, तेलाचा ओळखीचा वास होता. पलंगाला खेटून ओढलेल्या खुर्चीत तो बसला. खुर्ची कोमट होती. त्याला आधी भीती वाटली नाही. हेवा वाटला, इतका की रडू आलं.

बऱ्याच वेळाने त्याने घरी बायकोला फोन लावला.

“अगं, मी बोलतोय. आई गेली.”



“कोण...” ती कुजबुजली. “कोण बोलतंय?”

तिच्या मागून कुणीतरी विचारलं, “कुणाचा गं फोन?”

आवाज त्याचाच होता. फक्त प्रवासाने जराही थकलेला नव्हता.