नऊ नंबरचं अळू

सोमवारी सकाळी माझं पहिलं काम म्हणजे नळ्या बघणं. सामोआतल्या अपिया शहराच्या वरच्या उतारावर आमची टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा आहे. आतल्या गार खोलीत दिवसरात्र पांढरे दिवे असतात, फळ्यांवर वीतभर लांबीच्या काचेच्या नळ्या, आणि प्रत्येक नळीत जेलीवर उभं असलेलं नखाएवढं अळूचं रोप. तिथं कुणी बोलत नाही. मला ते आवडायचं. नवरा गेल्यापासून घरीही माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच वाटायचं.

मी चौथीत असताना करपा आला. सहा महिन्यांत सामोआतलं सगळं अळू काळं पडून कुजलं. भाजलेल्या कंदाशिवाय जेवण ठाऊक नसलेली आम्ही माणसं बाहेरून आलेल्या तांदळावर जगलो. पुढं कितीतरी वर्षांनी सवाईई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, लाव्ह्याच्या काळ्या पठारापलीकडे, एका घरामागं एकच झाड न करपता उभं असल्याचं कळलं. त्याचा कोंब मीच कापून आणला. त्या कोंबापासून आम्ही आधी शंभर, मग हजार, मग लाखभर रोपं केली. नोंदवहीत त्याचा नंबर नऊ. आज गावोगावच्या मळ्यांत नऊ नंबरच आहे. दुसरं काही कुणी लावत नाही.

त्या सोमवारी नऊ नंबरच्या प्रत्येक नळीत, रोपाच्या दुसऱ्या पानाला, डाव्या कडेला, अर्धचंद्रासारखी खाच होती.

शेजारच्या फळीवरच्या आठ नंबरला काही नव्हतं. दहालाही नव्हतं. मी भिंगातून पाहिलं. कीड नाही, बुरशी नाही. माझा सहकारी अलापाती म्हणाला, "फिलोई, रात्री येऊन नखं लावत बसतेस काय?"

मी हसले. दुपारी गाडी काढून दक्षिणेकडच्या मळ्यांत गेले. पहिला मळा वाओसाचा. कमरेएवढी उंच झाडं वाऱ्यावर डुलत होती, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या पानाला डावीकडून तीच खाच होती.

"तुमच्या नऊ नंबरला एकच उंदीर लागलाय बघा, बाई," वाओसा म्हणाला. "शिस्तीचा आहे. एक झाड सोडत नाही."

"कधीपासून?"

"काल. चर्चमधून आलो तेव्हा नव्हतं. जेवून उठलो तर होतं."

पुढच्या रविवारी दुसरी खाच पडली. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. सगळीकडे, एकाच जागी. अलापातीनं थट्टा बंद केली. एकाच झाडाची पिल्लं एकसारखी वाढतात, हे मी दहा वर्षं शेतकऱ्यांना सांगत आले होते. पण वाढणं वेगळं आणि ओरबाडलं जाणं वेगळं. चौथ्या खाचेनंतर मी बोटीत बसून सवाईईला गेले. मूळ झाड बघायचं राहिलं होतं.

झाड ज्यांच्या घरामागं होतं, त्या मोएलागी आजी पंचाहत्तरीच्या होत्या. भिंती नसलेलं त्यांचं घर चारी बाजूंनी उघडं होतं. जमिनीवर चटया लख्ख अंथरलेल्या, दहा-बारा माणसं सहज बसतील एवढ्या. बसायला मात्र त्या एकट्याच. तीन मुली ऑस्ट्रेलियात, मुलगा सिमी ऑकलंडला.

"ये पोरी. वाळलीस. शहरात जेवायला घालत नाहीत का तुला?"

कोको पिऊन झाल्यावर आम्ही मागं गेलो. झाड तिथंच होतं. दुसऱ्या पानाच्या डाव्या कडेला चार खाचा.

"आजी, हे कुणी केलं?"

"मी. नखानं." त्यांनी अंगठा दाखवला. "सिमी दर रविवारी फोन करायचा. महिना झाला, नाही करत. आला नाही की एक खूण करते. कॅलेंडर कुठं घेऊ विकत?"

समुद्राचा आवाज येत होता. मी पिशवीतली सुई काढून त्यांना दिली आणि म्हटलं, "आजी, नव्या पानाला एक भोक पाडता? मधोमध." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पाडलं. मी अलापातीला फोन लावला आणि नऊ नंबरची कुठलीही नळी बघायला सांगितलं, एवढंच.

बराच वेळ त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत राहिला. मग तो म्हणाला, "नव्या पानाला मधोमध भोक आहे. नळीचं झाकण बंद आहे, फिलोई."

मी फोन ठेवला आणि त्यांना मळ्यामळ्यांतल्या खाचांचं सांगितलं. आजी झाडाकडे बघत होत्या.

"एवढं काय घाबरायचं? कोंब नेलास तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, रोपं कितीही झाली तरी झाड एकच राहील म्हणून."

"म्हणायची पद्धत असते, आजी."

"सगळीकडे आहे म्हणतेस हे? सगळे हेच खातात?"

"हो. दुसरं उरलंच नाही."

"सिमी खातो का?"

"तिकडे पेट्या जातात. मिळत असेल."

"नाही खात तो," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोला अळू चालत नाही. पावच असतो घरात." मग गुडघे टेकून बसल्या, झाडाच्या मधल्या, अजून न उलगडलेल्या पानाच्या सुरळीला तोंड लावलं आणि त्यात काहीतरी बोलल्या. हळू, लहान मुलाच्या कानात बोलावं तसं. मला शब्द कळले नाहीत.

"काय सांगितलंत?"

"काही नाही गं. जेवायला या म्हटलं."

मी संध्याकाळच्या बोटीनं परतले. अहवालात खाचांचं कारण "अनिश्चित" लिहिलं. आठवडाभर नेहमीसारखी जेवले: भाजलेलं अळू, नारळाचं दूध, कधी मासा.

शनिवारी दुपारी भानावर आले तेव्हा मी धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभी होते.

बोट भरलेली होती. शेजारी एक तरुण बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कुठं निघालात, मी विचारलं. ती ओशाळून हसली. "खरं सांगू? माहीत नाही. निघावंसं वाटलं." पलीकडे वाओसा चटईची गुंडाळी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

उतरल्यावर कुणी रस्ता विचारला नाही.

रविवारी चर्चनंतर मोएलागींच्या घरात चाळीसएक माणसं होती. आमच्याकडे घरात ज्याचा त्याचा खांब ठरलेला असतो. माणसं येत होती आणि आपापल्या खांबाशी टेकून बसत होती, वर्षानुवर्षं तिथंच बसत आल्यासारखी. मी मागच्या, स्वयंपाकाकडच्या खांबाशी बसले. समोरचा, समुद्राकडचा खांब सगळ्यांनी मोकळा सोडला होता. तो सिमीचा, हे मला ठाऊक होतं. कुणी सांगितलेलं आठवत नाही.

आजी प्रत्येकाच्या चेहऱ्यापाशी वाकून बघत पुढं जात होत्या. मोकळ्या खांबाशी थांबल्या.

"सिमी नाही आला."

"येईल, आई," आम्ही म्हणालो. सगळे, एकदमच. मी त्यांना आई कधीच म्हटलं नव्हतं.

त्यानंतर सगळे दर रविवारी जात राहिले. जाऊ नये म्हणून मी मध्ये दोन आठवडे नुसत्या भातावर राहिले, गेले नाही. पण ते घर आठवून इतकं भरून यायचं की तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःहून अळू शिजवलं. आजींची तब्येत सुधारली. त्या हसायला लागल्या, आमच्या खोड्या काढायला लागल्या, वाओसाला जाड्या म्हणायला लागल्या. झाडाला पुन्हा खूण केली नाही. सिमीचे फोन पुन्हा यायला लागले, तेही उचलेनाशा झाल्या.

म्हणूनच बहुधा सिमी आला. नोव्हेंबरातला रविवार होता. रस्त्यावर भाड्याची गाडी थांबली आणि पांढरे बूट घातलेला एक थोराड माणूस उतरला. त्यानं शेजाऱ्यांना घर विचारलं, कारण अंगणातलं फणसाचं झाड पडलं होतं आणि त्याला घर ओळखू आलं नव्हतं. तो उंबऱ्याच्या दगडापाशी येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "ही सगळी माणसं कोण?"

आजी वाढत होत्या. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. अनोळखी माणसाला दाखवायचं असतं तेवढं अगत्य होतं.

"घरचे आहेत," त्या म्हणाल्या. "या ना, बसा तुम्ही. लांबून आलात?"

त्यांनी त्याला पाहुण्यांची चटई दाखवली. तो बसला नाही. तो समुद्राकडच्या खांबाकडे बघत होता. मीही पाहिलं, आणि मग लक्षात आलं की माझ्या पाठीला लागलेला खांब तोच आहे.

मी सरकले नाही.