सत्तेचाळिसाव्या षटकातला लाल ठिपका

दुपारी सव्वादोनला पाऊस आला आणि समोरच्या मैदानावरचा खेळ थांबला. खेळ थांबला की सगळे चहाकडे पळतात. एक माणूस मात्र रस्ता ओलांडून थेट दातांच्या दवाखान्यात शिरला. डोक्यावर छत्री नाही, एका हाताने सुजलेला डावा गाल धरलेला, आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक लांबरुंद वही पोटाशी कवटाळलेली. स्वतः नखशिखान्त भिजला होता. वही मात्र कोरडी ठणठणीत होती.

रिसेप्शनच्या टेबलामागे डॉक्टरीणबाईंचे वडील बसत. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले आणि तीच चाळीस वर्षं कसोटी क्रिकेटचे विक्रम वह्यांत उतरवले. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून लेकीच्या दवाखान्यात येऊन बसू लागले. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ते दाताआधी क्रिकेटचं विचारत. पेशंट बिचारे ठणकत्या दाढेने माना डोलवत.

"जन्मतारीख लिहा," त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "आठ, चार, त्रेसष्ट नाही ना तुमची? त्या तारखेला एक जण जन्मला, आणि कसोटीत त्याने..."

"आठ हजार चारशे त्रेसष्ट धावा केल्या," माणूस सुजल्या गालातून पुटपुटला. "८-४-६३. ॲलेक स्ट्युअर्ट."

बाबा खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"बेटा!" त्यांनी आत हाक दिली. "हा पेशंट आधी घे!"

आत डॉक्टरीण हातमोजे चढवत होती. लहानपणापासून जेवणाच्या ताटावर तिने भाजीपेक्षा विक्रमच जास्त पचवले होते, त्यामुळे क्रिकेट म्हटलं की तिला जांभई येई. निदान ती तसं सांगे. तिने पेशंटला खुर्चीत झोपवलं, दिवा वळवला, आणि पाहिलं तर हा सहा फुटी गडी चक्क थरथरत होता.

"घाबरता की काय?"

"नाही... म्हणजे... हो." त्याने डोळे गच्च मिटले. "डॉक्टर, तुम्ही काहीतरी बोलत राहा. काहीही."

आता काहीही म्हणजे काय बोलणार? तिच्या तोंडून बाबांचंच काहीतरी निघालं. "कसोटीतली सगळ्यात कमी धावसंख्या न्यूझीलंडची. एकोणीसशे पंचावन्न. सगळा संघ सत्तावीसवर गारद."

मिटलेले डोळे खाडकन उघडले. तोंडात तिची दोन बोटं आणि आरसा, बोलणार कसा? त्याने हात वर केला. आधी दोन बोटं, मग एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक.

"बरं बुवा, सव्वीस!" ती म्हणाली. तेवढ्यात सुई टोचून झालीसुद्धा होती. त्याला कळलंही नव्हतं.

तो समोरच्या मैदानाचा स्कोअरर होता, अकरा वर्षांपासून. दाढेला रूट कॅनॉल लागणार होतं, वर कॅप बसवायची होती. पाच वेळा तरी यावं लागेल, असं तिने सांगितलं.

"पाच दिवस म्हणजे कसोटीच की," बाबा बाहेरून म्हणाले. त्यांचे कान दाराला चिकटलेले असत, हे काही नवीन नव्हतं.

आणि मग एक गंमतच सुरू झाली. दर खेपेला ती मुद्दाम चुकीचा विक्रम सांगायची आणि तो जिवाच्या आकांताने बोटांनी दुरुस्त करायचा. चूक दिसली की याला भीती आठवतच नसे. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "बापू नाडकर्णींनी लागोपाठ एकोणीस षटकं निर्धाव टाकली." लगेच दोन बोटं, मग एक. एकवीस! कापूस काढताच तो घाईघाईने म्हणाला, "एकशे एकतीस चेंडू, डॉक्टर. एकही धाव नाही. त्या दिवशीच्या स्कोअररचा मला हेवा वाटतो."

"का? नुसते ठिपकेच काढले असतील त्याने."

"ठिपका काढायलाही तो चेंडू बघावा लागतो ना," तो म्हणाला. त्याचा अर्धा ओठ बधिर होता, म्हणून हसू एकाच बाजूला आलं. तिला ते उगाचच आवडून गेलं.

संध्याकाळी तिने बाबांच्या वह्या काढल्या. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुला तर जांभया यायच्या ना?"

"पेशंटच्या सोयीसाठी आहे ते," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. बाबा शहाणे. त्यांनी फक्त सगळ्यात चांगली वही तिच्यापुढे सरकवली.

तिसऱ्या खेपेला तिने सहज विचारलं, "तुम्ही कधी चुकता का हो? लिहिताना?"

तेव्हा त्याने स्कोअररच्या खोलीतली जुनी पद्धत सांगितली. दोन स्कोअरर शेजारी बसतात, दोन वह्या भरतात, दर षटकानंतर पडताळतात. जो चेंडू आपण डोळ्यांनी पाहिला नाही, तो काळ्या शाईने लिहायचा नाही. शेजाऱ्याला विचारून लाल शाईने लिहायचा, आणि समासात कारण द्यायचं, सहीनिशी. तो कागद मग क्रिकेट संघटनेच्या कचेरीत कायमचा जातो.

"मग तुमची लाल शाई किती खर्च झाली?"

"अकरा वर्षांत पेनाचं टोपणही काढलं नाही." यात फुशारकी नव्हती. तिने वजन विचारल्यावर सांगावं तसं त्याने सांगितलं होतं.

चौथ्या खेपेला तो लवकर आला आणि अर्धा तास बाबांशी बोलत बसला. पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने पंचेचाळीस धावांनी जिंकली आणि बरोबर शंभर वर्षांनी झालेली शताब्दीची कसोटीही पंचेचाळीसनेच, यावर दोघं इतके खूश झाले, की जणू त्यांनीच ती जुळवून आणली होती. आत डॉक्टरीण ट्रेमधली अवजारं तिसऱ्यांदा लावत होती. या गप्पा ऐकताना तिला आज जांभई कशी ती आली नव्हती. उलट ती मनात खेपा मोजत होती. पुढची खेप शेवटची, आणि त्यानंतर हा कशाला येईल? चांगल्या दाताचा माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

जाताना तिने दारातच विचारलं, "मॅच कुठून चांगली दिसते?"

"पूर्वेच्या स्टँडमधून. तिथे कुणीच नसतं." तो थांबला. काहीतरी ओठांवर आलं... आणि परत गेलं. "म्हणजे... बसायला जागा मिळते."

पाचवी खेप आली. कॅप बसवताना तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला. कॅप केसभर उंच राहिली तर बोचेल, बोचली तर परत यावं लागेल... पण तिचे हात तिचं ऐकेनात. त्या हातांना नीट काम करायचीच सवय. तिने चाव्याची उंची दाखवणारा निळा कागद दातांत धरायला लावला, चावायला सांगितलं, कॅप घासली, पुन्हा पाहिलं. कॅप झकास बसली होती. इतकी झकास, की तिला रडूच यायचं बाकी राहिलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. आता दहा-पंधरा वर्षं बघायला नको."

"दहा-पंधरा..." तो वही छातीशी धरून उभा राहिला. खिडकीच्या काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते, ते त्याने बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "धन्यवाद, डॉक्टर." आणि गेला.

बाबा आत आले. "काही बोलला?"

"धन्यवाद म्हणाला."

"एक न्यूझीलंडचा फलंदाज होता," बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. "एकशे एक मिनिटं उभा राहिला, सत्त्याहत्तर चेंडू खेळला आणि शून्यावर बाद. खातंच उघडलं नाही. तुझा स्कोअरर त्याच्या वळणावर गेलाय."

"माझा कुठून आला?" ती चिडली. मग ट्रे आवरायला घेतला. "बाबा, तो वेस्ट इंडीजचा कोण होता, एकच कसोटी खेळलेला?"

"गँटोम. एकच कसोटी, एकच डाव, एकशे बारा धावा. पुन्हा कधी कसोटीत घेतलंच नाही."

"वाईट वाटलं असेल ना त्याला? एवढं छान खेळून?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. कुणाबद्दल विचारते आहे, ते त्यांना स्वच्छ कळलं. "तो निवड समितीच्या हातात होता गं," ते हळूच म्हणाले. "तुला स्टँडपर्यंत चालत जायला कुणी अडवलंय?"

शनिवारी ती गेली. बारीक भुरभुर होती, खेळ थांबवण्याइतकी नाही. घाईत हाताला लागली ती छत्री घेतली, आणि स्टँडमध्ये उघडल्यावर लक्षात आलं, की ही तर टूथपेस्ट कंपनीने दिलेली. पांढरी फट्टक, आणि वर ही भली मोठी हसरी दाढ! आख्ख्या रिकाम्या स्टँडमध्ये ती एकटी, आणि डोक्यावर दाढ. मिटावी तर भिजणार. तिने छत्री तशीच धरली.

पलीकडे स्कोअररची खोली होती. खिडकीत तो दिसत होता, मान खाली, हात चालू. ती चाळीस मिनिटं बसली. एकदाही त्याने मान वर केलेली तिला दिसली नाही. साडेतीनला पेशंट होता. उठताना तिला स्वतःचीच लाज वाटली. या वयात, दाढेची छत्री घेऊन, कुणाच्या खिडकीसमोर बसायचं म्हणजे... पुरे झालं.

रविवार तिने कपाटं आवरण्यात घालवला. बाबांच्या वह्या जागच्या जागी ठेवून दिल्या.

सोमवारी दुपारी बाबांनी दारातून डोकं घातलं. चेहरा अगदी सरळ. "इमर्जन्सी आहे. दाढ."

तो आत आला. यावेळी गाल धरला होता तो उजवा.

"बसा," ती कोरडेपणाने म्हणाली. दिवा वळवला. उजवीकडच्या सगळ्या दाढा तपासल्या, ठोकून पाहिल्या. "इथे दुखतं? इथे?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही." तो उठून बसला. गळ्याभोवती निळा कागदी रुमाल तसाच. "डॉक्टर, मी खोटं बोललो. दुखत नाहीये. मला पाच वाजेपर्यंत एक कागद कचेरीत द्यायचाय, आणि तो तुम्हाला दाखवल्याशिवाय देता येत नाहीये."

त्याने प्लास्टिकमधून कागद काढला. शनिवारची धावपत्रिका. चिमुकल्या चौकटी, काळे आकडे, काळे ठिपके, मुंग्यांची रांग जावी तसे. आणि सत्तेचाळिसाव्या षटकात, काळ्या शाईच्या मधोमध, एकच लाल ठिपका.

तिचा हात दिव्यावरच राहिला.

"षटक संपल्यावर शेजारचे म्हणाले, सहा चेंडू. माझ्याकडे पाचच होते," तो म्हणाला. "लाल पेन उघडलं तर शाई वाळून गेलेली. त्यांचंच मागावं लागलं. ते म्हणाले, अरे, अकरा वर्षांत तुझं हे पहिलंच, झालं काय तुला? मी काय सांगू? समोरच्या स्टँडमध्ये एक दाढ येऊन बसली, म्हणून सांगू?"

तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरणं काही जमेना. शनिवारपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलला होता.

"पण तुम्ही तर... मान वरच केली नाहीत!"

"एकदा केली. त्याच चेंडूला. नंतर पुन्हा करायची हिंमत झाली नाही, सगळी वही लाल झाली असती." त्याने कागदावर बोट ठेवलं. "शेजारचे म्हणतात, त्या चेंडूवर काहीच झालं नाही. निर्धाव गेला. माझं म्हणणं असं आहे, की... बरंच काही झालं."

बाहेर बाबांची खुर्ची करकरली. तिने कागद हातात घेतला. समासात कारणाची जागा होती, आणि तिथे पेन्सिलीने लिहून पुसल्याच्या तीन-चार खुणा. शेवटचं वाक्य तेवढं ठेवलं होतं. 'पूर्व स्टँडमध्ये आलेल्या एका व्यक्तीकडे पाहत होतो.'

"हे कायमचं राहणार कचेरीत?" तिने विचारलं.

"कायमचं."

"मग 'एका व्यक्तीकडे' काय?" ती म्हणाली. आवाज नको तितका हळू निघाला. "रेकॉर्डमध्ये नाव लागतं ना?"

तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग खिशातून पेन काढलं, 'एका व्यक्तीकडे' खोडलं, आणि वर तिचं नाव लिहिलं. नुसतं नाव. आधी डॉक्टर नाही, नंतर आडनाव नाही. खाली सही केली, तारीख घातली.

"आता दाखवा... दाखव," ती म्हणाली. एक काना गाळला, तेवढ्यानेच दोघांचे कान लाल झाले.

"पाचला कचेरीत कागद दिला, की मी मोकळा," तो म्हणाला. "तू किती वाजता मोकळी होतेस?"

"सहाला."

"पाऊस आहे."

"छत्री आहे माझ्याकडे."

"माहितेय," तो म्हणाला आणि हसला. आज ओठ बधिर नव्हता, त्यामुळे हसू दोन्ही बाजूंना नीट पोचलं.

"अहो, झालं का?" बाबांना बाहेर अगदीच राहवेना. "सत्त्याहत्तर चेंडू होत आले! काही होतंय का तिथे?"

तिने हातमोजे काढून टाकले, त्याच्या गळ्यातला कागदी रुमाल स्वतःच्या हाताने सोडवला, आणि दाराकडे तोंड करून ओरडली,

"खातं उघडलं, बाबा!"