मेणकापडाखालचं सारवण

घाटंजीच्या अलीकडच्या एका खेड्यात धुरपताबाईचं घर अगदी शेवटचं. एकटा जीव, दोन खोल्या, पुसायला कितीसं असणार? पण दुपार झाली की बाई बादली घेऊन बसायची, ती उन्हं उतरेपर्यंत. फरशी तरी कुठली म्हणा! मातीची भुई आणि वर लिनोलियम. गावात त्याला मेणकापडच म्हणत.

गेल्या दिवाळीत तिचा नवरा फकिरा लकव्यानं दवाखान्यात पडला, तेव्हा पोरानं, नयननं, पुण्याहून येऊन ते अंथरलं. आजारी माणसाला धूळ नको म्हणून. बाईनं आदल्या सांजेला सारवलेलं धड वाळलंही नव्हतं, पण नयनला घाई. दुकानदारानं बजावलं होतं, कोमट पाणी घ्या, साबण थोडाच, फडकं घट्ट पिळा. पाणी खाली शिरलं की फुगलंच समजा. मग फकिराला घरी आणलं ते थेट खाटेवर. त्यानंतर तो पायावर उभा राहिलाच नाही.

शेवटच्या दिवशी त्याला खाली घ्यायची वेळ आली. जाणाऱ्याला सारवलेल्या भुईवर घेतात, ही रीतच आहे. फकिराची जीभ जड झाली होती, तरी तो बोलला.

"मले... मातीवर घ्या."

"खाली मातीच हाये, बाबा," नयन म्हणाला, आणि मेणकापडावरच घेतलं. खाट, कपाट सरकवून ते गुंडाळायला वेळ कुठं होता?

तेरा दिवस आटोपून नयन पुण्याला गेला. बाईच्या जिवाला मात्र एकच घोर लागला. मातीला पाठ न टेकलेला माणूस सुटला, का इथंच अडकला? शेजारच्या विमलताईला विचारलं, तर तिनं तुरीचा विषय काढला आणि चहा न घेताच उठली.

मग मेणकापडाला फुगा आला. फकिराला घेतलं होतं तिथंच, भाकरीएवढा. बाईला वाटलं, आपलाच हात सैल पडला, पाणी शिरलं. तिनं तळहातानं दाबलं. खालून कुणी उसासा टाकावा तसा आवाज आला, आणि ओल्या शेणाचा वास. दुसऱ्या दिवशी फुगा वीतभर पुढं. मग कपाटापाशी. मग खाटेकडे वळला, जिच्यावर फकिरामागं आता बाईच निजायची. बाई फडकं इतकं पिळायची की बोटं ठणकायची, तरी तो येतच होता. खरं सांगायचं तर तिला भीती कमी आणि सोबत जास्त वाटायला लागली. पुसता पुसता ती त्याच्याशी बोलायचीही. नयनचा फोन नाही आला, मांजर व्याली, असलंच काहीबाही.

फुगा खाटेखाली शिरला, त्या दुपारी तिनं दार लोटलं.

"एवढं काहून तरसून राह्यले..." ती पुटपुटली. "घ्या... तुमची माती."

खाट उभी करून तिनं कोपऱ्यातून मेणकापड सोलत आणलं. खाली सारवण ओलं होतं, आज सकाळीच हात फिरवल्यासारखं. त्यात अनवाणी पावलं उमटली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. फकिराची ती तरुणपणीच वखराखाली गेली होती. त्याला घेतलं होतं तिथून पावलं निघाली होती, ती तिच्या खाटेपर्यंत.

बाई तिथंच बसून पोटभर रडली. लागली बाई त्याला माती, एवढंच तिच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

पदरानं डोळे पुसले तेव्हा परतीची पावलं दिसली. खाटेपासून दाराकडे जाणारी. फकिराची, आणि त्यांच्या बाजूनं आणखी एकाची... लहान, बाईमाणसाची. बोटांपाशी जोडव्यांचे गोल ठसे.

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. जोडवी तर फकिरा गेला त्याच दिवशी उतरवून डब्यात ठेवली होती. डबा समोर फळीवरच होता. तो उघडायची तिची छाती झाली नाही.

तिनं मेणकापड परत पसरलं, कडा दाबल्या, फडकं घट्ट पिळलं आणि रोजच्यासारखी पुसायला बसली. पुसत पुसत उंबऱ्यापाशी आली. तिथं आता दोन फुगे होते, शेजारी शेजारी. त्यातला लहान तिनं दाबला नाही.